चोर स्विच

११ मार्च

गाडी सुरूच होत नाही! स्टार्टर फिरतो, इंजिन काही पकडत नाही. बॅटरी ठीक, टाकीत पेट्रोल आहे. स्टील प्लांटमध्ये चौतीस वर्षं इलेक्ट्रिकलचं काम केलं, चार्जमन होऊन रिटायर झालो — आणि घरची मारुती चालू करता येईना. नूतनला ऑटोने दुर्ग स्टेशनवर जावं लागलं. लेकीसमोर नाक कापलं गेलं. काल संध्याकाळी तिच्यासाठीच तर आतून-बाहेरून पुसून ठेवली होती.

परवाच सुपेल्याच्या सुखराम मिस्त्रीकडे सर्व्हिसिंग झालं. मग दुसरं कोण?

१२ मार्च

सुखरामला बोलावलं. चार शेजाऱ्यांसमोर धरला — माझा चांगला पेट्रोल पंप काढून जुना बसवला ना? तो स्टेअरिंगखाली वाकला, पाच मिनिटांत गाडी सुरू. "पंप में ही गड़बड़ थी साहब," एवढंच म्हणाला. चहाही न घेता गेला.

अख्ख्या सेक्टर १० मध्ये माझी वाहवा. पंजाबराव, बरा पकडला!

१३ मार्च

विहारातही सगळ्यांना सांगितलं.

२२ मार्च

पुन्हा तेच. सकाळी गाडी पुसली, दुपारी सुरू होईना. या वेळी स्वतःच स्टेअरिंगखाली आडवा झालो. बोटाला लागला एक छोटा स्विच. त्यावर निळी टेप — माझ्या हातची.

दोन वर्षांपूर्वी सेक्टरमध्ये गाड्या चोरीला जात होत्या, तेव्हा मीच लपवून बसवलेला चोर स्विच. तो बंद असला की पंपाला करंट जात नाही, स्टार्टर नुसता फिरत राहतो. पुसताना फडकं लागलं असणार. त्या दिवशीही. मी साफ विसरलो होतो.

म्हणजे सुखरामने तेव्हाच ओळखलं! आणि चोरीचा आळ स्वतःवर घेऊन गेला.

बायकोला, वच्छलाला सांगितलं. म्हणाली, "तुमीच लावला, तुमीच भुलले. त्या गरिबाले कावून बोलले मंग?" जेवण गेलं नाही. माणसाच्या मानावर विहारात भाषणं देतो मी. लाज वाटते.

२४ मार्च

सुपेल्याला गेलो होतो. त्याचं गॅरेज टाळून लांबच्या रस्त्याने परत आलो.

२६ मार्च

शेजारच्या दौलतरावांनी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे टाकली. "सुखराम चोर हाय म्हन्तेत ना!" म्हणाले. त्यांना हे सांगणारा मीच.

२८ मार्च

गेलो. दौलतरावांना सोबत घेऊन गेलो. गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं — चूक माझी होती, हा माणूस चोर नाही. मग त्याला विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीस?

सुखराम फडक्याला हात पुसत राहिला. "एक बार बोला था साहब. बीस साल पहले प्लांट में आपके ही शॉप में ठेके पर था. सबके सामने बोल दिया, साहब का कनेक्शन उल्टा लगा है. दूसरे दिन ठेकेदार ने निकाल दिया."

त्याला काढा, अशी चिठ्ठी ठेकेदाराला मीच लिहिली होती.