तेवढी फट सोडून

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
नवं घर, म्हणून नवी वही. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून, तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि सगळं आमच्या मालकीचं! सोळा वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर आज स्वतःच्या ओट्यावर दूध उतू जाऊ दिलं. आमचे हे, कृष्णात, एपीएमसी बाजारात कांद्याच्या गोण्या उचलतात, त्या तोऱ्यात कपाटही एकट्याने आत आणलं आणि मग तासभर कंबर धरून बसले. आमची नऊ वर्षांची अबोली प्रत्येक खोलीत जाऊन ओरडून आली. इमारतीला पाच वर्षं होत आली आहेत, बिल्डरची गॅरंटी या तीस तारखेला संपते. माझ्या तावडीतून भाजीवाला सुटत नाही, बिल्डर कुठला सुटतोय.

९ नोव्हेंबर, रविवार
घर तपासणारा इंद्रजित आला. आमच्या साताऱ्याकडचाच निघाला, म्हणून चहा दोनदा झाला. हातोडीने फरशा ठोकत, भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावत फिरला. पोकळ फरशा अकरा, न्हाणीघराचा उतार उलटा, खिडकीतून गळती. ओट्याखाली जमिनीलगत हातभर लांब फट आहे. तिथे ओल नाही. त्याने आत स्टीलची मोजपट्टी सरकवली, ती फूटभर गेली. बाहेर काढली तर टोक चावून तोडल्यासारखं. यादी लगेच बिल्डरला पाठवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार
बिल्डर गोटीराम स्वतः आले. बोनकोड्याचेच, ही जमीन त्यांच्या शेतीची. सगळं इतक्या गोडीने मान्य केलं की भांडायची सोयच उरली नाही. मग ओट्याखाली वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, बाकी सगला करून देतो. ती फट पन बुजवू नका."
कारण काय, तर इथे खाडीचं पाणी अडवणारा त्यांचा बांध होता. तो फुटू नये म्हणून त्याला कोंबड्याचा बळी द्यायचे. बांध मातीखाली गेला, भूक राहिली. म्हणून दर बुधवारी ते इमारतीच्या मागच्या बाजूने फटीत जिवंत कोंबडा सोडतात. फट तेवढ्यापुरती उघडते म्हणे. तीस तारखेपर्यंत हे त्यांच्याकडे, पुढे ज्याचं घर त्याच्याकडे. काम टाळायला माणसं काय काय थापा मारतात!

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दुरुस्तीला आलेली गोटीरामांची माणसं जेवायला गेली तेव्हा इंद्रजितकडून फट बुजवून घेतली. आत रसायन, वरून सिमेंट. फार बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी मागच्या बाजूला कोंबडा फडफडत होता. गोटीराम भिंतीवर हात मारून रडत होते. मी खिडकी लावून घेतली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
इंद्रजित काम बघायला आला. भर दुपार. सिमेंटला तडा गेला होता, त्याने बोट लावलं. भिंत उघडली आणि मिटली. कोपरापर्यंत हात आत. हाडं मोडताना ऐकू आली. मी त्याचे पाय धरून ओढलं. तो आला, हात आला नाही. रक्त सांडलं ते उताराने गेलं नाही, सगळं फटीकडे गेलं.

२५ नोव्हेंबर
इंद्रजित दवाखान्यात वारला. माझ्या हट्टामुळे वारला. काल तुर्भ्याला दिरांकडे झोपायला गेलो होतो. सकाळी अबोलीच्या उशाशी, त्यांच्या भिंतीत, तीच फट. परत आलो. दुसऱ्याच्या घरात ही बला कशाला.

२७ नोव्हेंबर
कृष्णात पहार घेऊन फटीवर गेले. कमरेपर्यंत आत— मी दोन्ही हात धरले होते. म्हणाले, "पोरीला वाचव." मग तोंडातून रक्तच. हात माझ्याकडून सुटले. नाही. मी सोडले.

२९ नोव्हेंबर
गॅरंटी अजून एक दिवस. गोटीरामांना फोन केला, तक्रार आहे, या. कोंबडा घेऊन आले. फटीने कोंबडा घेतला आणि बाहेर टाकला, पिळलेला. कोंबड्यावर आता तिचं भागत नाही. ते बघायला वाकले. मी पहार घातली. डोक्यात. तीनदा. मग फटीपर्यंत ओढलं— जड होते— फटीने घेतलं. भिंत गुळगुळीत.
जबाबदारी त्यांचीच होती. मला वाईट वाटत नाही. वाटतं.

३० नोव्हेंबर
शांत. अबोली दोन घास जेवली. बाबा कुठे, विचारत नाही.

१ डिसेंबर
उघडली. दाराएवढी. आजपासून माझ्याकडे. मी स्वतः पाय घातला— घेत नाही. देणाऱ्याने स्वतःला दिलेलं चालत नाही, गोटीरामांना मी दिलं होतं. फटीचं तोंड अबोलीकडे—

दुसऱ्या तपासणाऱ्याला फोन केला. बाराला येतो म्हणाला. कोवळा आवाज. ताई म्हणाला मला. देवा, तो ताई म्हणाला.

बेल वाजली. फट ओट्याखालून निघाली, जमिनीतून, उंबऱ्याकडे— अबोली धावली दार उघडायला— अबोली, थांब, तिथे पाय—