चौथा स्क्रू

चाचा, तुम्ही दुपारच्या नमाजला गेलात आणि मी छिन्नी उचलली, तिथंच माझं सगळं बदललं. त्याआधी सांगलीचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं होतं, वर्गातल्या एका मुलीपायी एकाचं नाक फोडलं होतं, घरी वडील बोलत नव्हते. पण ते सगळं निस्तरण्यासारखं होतं. साताऱ्यात तुमच्या गॅरेजात मी वर्षभर टिकलो होतो. त्या दिवशी सुभेदारांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन खोलायला घेतलं होतं. साइड कव्हरवरच्या छोट्या झाकणाचे तीन स्क्रू निघाले, चौथा हलेना. तुम्ही त्याच्यावर सिरींजनं डिझेल सोडलंत, हातोडीनं डोक्यावर दोन हलके ठोके दिलेत आणि हात धुवायला उठलात. अडलेल्या स्क्रूला किती वेळ द्यायचा, याचं तुमचं माप ठरलेलं होतं, एक नमाज. "मी येस्तवर भिजू दे त्याला. हात लावू नगं रं," म्हणालात.

मला दोन वाजता एसटी स्टँडवर पोचायचं होतं. वर्गातली ती मुलगी पुण्याला निघाली होती, नोकरी लागली होती तिला, आणि सांगलीची गाडी साताऱ्यात दहा मिनिटं थांबते. तुम्हाला सांगितलं असतं तर हसून सोडलं असतंत. मला कुणी हसलेलं नको होतं. काम उरकून जायचं, एवढंच डोक्यात. छिन्नी तिरकी लावून हाणली. पहिल्या घावाला स्क्रूचं डोकं कुरतडलं, तिसऱ्या घावाला कव्हरचा कान, स्क्रू बसतो तो उंचवटा, तडकला. स्क्रू होता तिथंच. छिन्नी टाकून मी पळालो.

परत आलो तर तुम्ही कव्हरवर बोट फिरवत बसलेले. "धा मिनटं न्हवती व्हय तुझ्याकडं?"

"मी हातच न्हाई लावला, चाचा. आधीच तडा हुता त्येला."

तुम्ही छिन्नी उचललीत. धारेला ॲल्युमिनियम चमकत होतं. फडक्यानं पुसून ती खिळ्याला टांगलीत. संध्याकाळी सुभेदार आले तेव्हा मी मागं टायरच्या ढिगाआड होतो. तुम्ही म्हणालात, "माझ्या हातनं फुटलं, साहेब."

"आवं चाचा, तुमच्या हातनं? मला न्हाई पटत."

"वय झालं आता. कव्हर मी देतो, काळजी करू नगा."

मी बाहेर आलो नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या स्वतःच्या गाडीचं कव्हर काढून त्यांच्या इंजिनाला लावलंत. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या. फुटकं कव्हर तुमच्या गाडीला गेलं, त्यातून तेल थांबेना, आणि तुम्ही सायकलवरून गॅरेजला यायला लागलात. आठवड्यात मी शिरवळच्या कारखान्यात लागलो. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी मशिनवर होतो. शिफ्ट पूर्ण केली. डबा खाल्ला. त्यालाही आता सहा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात चाचींनी बोलावलं. गॅरेजची जागा सोडायचीय, आत तुमची गाडी तेवढी उरलीय. "घेऊन जा, बेटा. तुजंच काम ऱ्हायलंय तिच्यात," म्हणाल्या. त्यांना कितपत माहीत आहे, मी विचारलं नाही. त्यांनी चहा दिला, मी प्यालो.

आज सकाळपासून तुमच्या पाटावर बसलोय. त्याच फुटक्या कव्हरचा कान वेल्डिंग करून आणला. असलं कव्हर आता शोधूनही मिळत नाही, हे फुटलं तर गाडी भंगारातच. तीन स्क्रू तुम्ही तेव्हाच काढले होतेत, चौथा माझ्या छिन्नीचे घाव घेऊन तसाच आहे. हॅक्सॉच्या पात्यानं त्याच्या डोक्यात नवी चीर पाडली. कव्हर ब्लोलॅम्पनं शेकलं. स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर दिला, नाही हलला. हात आपोआप खिळ्याकडं गेला. छिन्नी अजून तिथंच टांगलेली आहे. मला काही वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. हात खाली घेतला, एवढंच.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी गाडी तासभर उशिरा आली. तुमची नमाज होऊन, स्क्रू निघून, चहा पिऊनसुद्धा मी पोचलो असतो. आणि तिनं मला बोलावलेलंच नव्हतं. ती निघालीय हे मला दुसऱ्याकडून कळलं होतं. खिडकीतून तिनं बघितलं, ओळखलं, आणि मोबाइलमध्ये तोंड घातलं. तो तासभर मी स्टँडवर नुसता उभा होतो, चाचा, आणि परत येऊन तुमच्याशी खोटं बोललो.

मशिदीत आत्ता अजान झाली. मला नमाज येत नाही, पण तिला किती वेळ लागतो ते ठाऊक आहे. स्क्रूवर डिझेल सोडलंय, दोन ठोके दिलेत. हा कागद तुमच्या पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवतो, पाठवायचा तरी कुठं. इथं बसलो तर हात लावीन, म्हणून उठतो, बाहेर जातो आणि दार ओढून घेतो.