वन्सं म्हणतील ते अखेरचं

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, विधवा, धंदा मोटार शिकवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे आणि ज्याला शंका असेल त्याने तो वाचावा, मला कोडी घालू नयेत. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. मुलाने आणि मुलीने दडपण आणून पाहिलं. पण दोघंही माझ्याच शेजारी बसून गाडी शिकलेले असल्यामुळे माझ्यापुढे त्यांचा आवाज फार वेळ चढत नाही.

यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळ्यांना सगळं सारखं वाटलं होतं. तेव्हा माझी तब्येत ठणठणीत होती आणि घरातल्या माणसांची पारख झालेली नव्हती.

वकिलांनी सांगितलं की मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, त्यामुळे मरण्याआधीच्या सूचना त्यात लिहून फायदा नाही. त्यासाठी वेगळा कागद करावा लागतो. तो वेगळा कागद मी केला आहे, डॉक्टरीणबाईंकडे आहे. तरी इथेही लिहिते, कारण आमच्या घरात एकदा सांगून कोणाला काही कळल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शिवाय हे मी जिवंतपणीच सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. वकील म्हणाले, अशी पद्धत नाही. मी म्हटलं, आता पाडू.

घर. घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. मात्र मी जाईपर्यंत ते माझं आहे आणि मी त्यातच मरणार आहे. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, जिथून मागच्या गल्लीतल्या गॅरेजचं फाटक दिसतं. लोक गाडी मागे घेताना कशी फाटकाला घासतात ते बघण्यासारखी करमणूक दुसरी नाही. टीव्ही त्या खोलीत आणू नये.

शिल्लक. बँकेत जे काही आहे त्यातून आधी माझा खर्च करावा: रात्रीची बाई, प्राणवायूचं यंत्र, दुखणं थांबवणारी औषधं. मुलाला भीती आहे की त्या औषधांची मला सवय लागेल. लागू दे. या वयात मी वाईट संगतीला लागेन म्हणून कोणी झोप घालवून घेऊ नये. खर्च जाऊन उरेल ते दोघांनी वाटून घ्यावं. काहीच उरलं नाही तर आईने मजा केली असं समजावं.

गाडी. शिकवायची गाडी, माझ्या बाजूच्या जादा ब्रेकसह, सुनेला. या घरात नीट गाडी चालवणारी ती एकटी. मुलगा समोरच्या प्रत्येक वाहनाची क्षमा मागत चालवतो. बुटक्या शिकाऊंसाठीची उशी, शिट्टी आणि 'एल'च्या दोन्ही पाट्या गाडीबरोबर जातील.

याच ब्रेकवरून एक जुनं प्रकरण आहे ते इथे मिटवते, म्हणजे माझ्या बाजूने मिटवते. माझी नणंद, म्हणजे वन्सं, पोस्टात खिडकीवर होत्या. त्यांनी माझ्याकडे गाडी शिकायला घेतली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ती न्हाव्याच्या दुकानात घातली. दुकान बंद होतं म्हणून बरं. त्यानंतर त्यांनी साऱ्या नातेवाइकांत सांगितलं की वहिनीच्या गाडीचा ब्रेक लागत नाही. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठी शिवी नाही. आम्ही बोलणं टाकलं. लग्नकार्यात समोर आलो तर भिंतीशी बोलावं तसं बोलायचो. माझे यजमान, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, एका संध्याकाळी जेवता जेवता गेले, तेव्हाही आम्ही दोघी एका खोलीत बसून वेगवेगळ्या रडलो. सदर ब्रेक उत्तम होता हे मी शपथेवर लिहिते. त्यांनी पाय दुसरीकडे दाबला होता.

आता मुख्य कलम.

गेल्या थंडीत माझ्या फुप्फुसांनी, जी बरीच वर्षं कामचुकारपणा करत होती, सरळ संप पुकारला. मला दवाखान्यात नेलं, घशात नळी घातली आणि यंत्राला जोडलं. तिथे आत काय असतं ते परत आलेलं माणूस सहसा सांगत नाही, विषय बदलतं. मी सांगते. तिथे दिवा विझत नाही. तहान लागते, अशी की माणूस फुलदाणीतलं पाणीसुद्धा पिईल, पण तोंडात नळी, त्यामुळे पाणी नाही. माझा चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र पिशवीत घालून मुलाच्या हवाली केलेलं. म्हणजे दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. अशा अवस्थेत मी एकदा नळी ओढली, तर माझे हात पलंगाला बांधले. मोठे डॉक्टर माझ्या पायांशी उभे राहून माझ्या मुलाशी बोलायचे. त्यांचा आवाज मोठा, म्हणून एक वाक्य ऐकू आलं: पेशंट सहकार्य करत नाही. डॉक्टरसाहेब, आपल्या तोंडात नळी आणि हात दोरीला असते तर आपण किती सहकार्य केलं असतं ते एकदा बघायला आवडलं असतं. तेवढं सोडून आपल्यावर माझा राग नाही.

मुलगा रोज यायचा, कपाळावर हात ठेवायचा आणि म्हणायचा (हे सुनेकडून कळलं), तू लढवय्यी आहेस. मुलगी दूरदेशी असते. ती फोनवरून सगळ्यांना बजावत होती की जे जे करता येईल ते सगळं करा. दोघांचाही माझ्यावर जीव आहे. त्यामुळेच मला काय हवंय हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

मग एक दिवस वन्सं आल्या. भावाची बायको आहे, गेलं पाहिजे, एवढ्याचसाठी आल्या असणार. त्यांनी मुलाकडून ती पिशवी मागून घेतली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्या नाकावर बसवला. मला पहिल्यांदा छत दिसलं. मग वन्संचं तोंड दिसलं. त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, मला बरं वाटलं. कानाशी वाकून, पोस्टाच्या काचेतून पलीकडे जायचा त्या आवाजात त्या म्हणाल्या, "वहिनी, हे सगळं तुम्हाला हवंय का? नको असेल तर ब्रेक मारा."

हात बांधलेले होते, पाय मोकळे होते. मी उजवा पाय असा हाणला की पलंगाची पायथ्याची पट्टी वाजली.

त्यांनी बाहेर जाऊन मुलाला जसंच्या तसं सांगितलं. तो भडकला. हेही मला पुढे सुनेने सांगितलं. तुमचं आईशी कधी पटलं नाही म्हणून तुम्ही तिच्या मरणावर टपलात का, इथपर्यंत तो बोलला. वहिनींनी काय सांगितलं ते मी सांगितलं, एवढंच वन्सं म्हणाल्या आणि पुढच्या दिवशी परत आल्या.

नळी काढली नाही. आणि इथे मला खरं तेच लिहायला हवं: संसर्ग हटला, यंत्र सुटलं, मी घरी आले. माझ्या पायाचं ऐकलं असतं तर आज मी हे लिहीत नसते. त्यानंतर मी खिडकीत बसून चहा प्यायले, बर्फाचे खडे चघळले, नातीच्या डोक्याला तेल लावलं, गॅरेजच्या मिस्त्रीशी भांडले. हे सगळं मुलाच्या हट्टामुळे मिळालं आणि त्यातला एकही घोट मी परत करणार नाही.

पण फुप्फुसं बरी झालेली नाहीत. ती पुन्हा बसणार आहेत, आणि पुढच्या खेपेला उठण्याची आशा जवळजवळ नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला माझ्याच खोलीत, माझ्याकडे बघून सांगितलं. मुलगा त्यांना खुणेने थांबवत होता. त्या थांबल्या नाहीत म्हणून मला त्या आवडतात. नळी न घालताही गुदमरू न देता झोपेत ठेवता येतं, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणून असं ठरवते: पुन्हा श्वास अडकला तर मला दवाखान्यात नेऊ नये. नळी नाही, यंत्राला जोडणं नाही, छातीवर दाबणं नाही. चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र शेवटपर्यंत माझ्या अंगावर असावं. ओठ ओले करत राहावेत. रात्री दिवा मालवावा. आणि मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीने निर्णय वन्संनी घ्यावा, मुलाने नाही, मुलीने नाही.

हे मी वन्संना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मीच का. मी म्हटलं, "तुमचा माझ्यावर जीव नाही म्हणून."

त्यांनी थोडा विचार केला. "थोडा आहे," म्हणाल्या, "पण कामात आड येऊ देणार नाही."

भेटायला येणारे. ज्यांना यायचं त्यांनी यावं. 'ओळखलंत का?' असं विचारणाऱ्याला मी ओळखणार नाही. 'लवकर बऱ्या व्हा' म्हणणाऱ्याला सुनेने दारातूनच वाटेला लावावं. खालच्या मजल्यावरचे शिंपी झाडपाल्याचे काढे आणतात, ते त्यांनी स्वतः प्यावेत. बातम्या आणाव्यात: कोणाचं कोणाशी फिसकटलं, कोणाची गाडी कुठे आपटली. मरणाऱ्या माणसाला देवाधर्माचंच ऐकायचं असतं असं कोणी ठरवलं ते मला माहीत नाही.

मुलगी. तिने मी गेल्यावर धावत येऊ नये. आत्ता यावं, मला रागावता येतंय तोवर. मी येईपर्यंत आईला थांबवून ठेवा असा फोन तिने कोणालाही करू नये. मी काही बस नाही.

मागचं जे काय करायचं ते थोडक्यात आटपावं. माझा फोटो लावायचाच असेल तर गाडीतला लावावा, खुर्चीतला नको. वाहन परवान्याच्या कचेरीतल्या ज्या साहेबाने बाईमाणूस काय गाडी शिकवणार असं म्हटलं होतं, तो गेला. त्याला माफ केलं असं मी म्हणणार होते, पण नाही केलं.

हा मसुदा मी रविवारी सगळ्यांना वाचून दाखवला. मुलगी फोनवर होती. ती रडली, मग भांडली, मग तिकीट काढलं म्हणाली. सून मध्येच हसली आणि तिने तोंडाला ओढणी लावली. वन्सं भिंतीकडे बघत बसल्या होत्या, ब्रेकच्या कलमाला त्यांनी फक्त हुं केलं. मुलगा उठून स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ वाहत होता. मग तो आला, माझ्या पायांशी बसला आणि त्याने विचारलं, "आई, तेव्हा मी चुकलो का?"

"नाही रे," मी म्हटलं. "तेव्हा तू बरोबर होतास. पुढच्या वेळी चुकशील."

त्याने साक्षीदार म्हणून सही करतो म्हटलं. वकील म्हणाले, ज्याला मिळायचं आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. मी म्हटलं, मग साक्षीदारांच्या खाली करू दे, नुसता मुलगा म्हणून.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: मागची खोली, खिडकीपाशी.
तारीख: डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या सहीशेजारी घातली आहे तीच.

सही: गाडीवाल्या बाई

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. लिहून देणार शुद्धीवर आहेत, जरुरीपेक्षा जास्तच.

साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे शिंपी. काढ्याचा उल्लेख मान्य नाही, सही मान्य आहे.

त्याखाली, निळ्या शाईत, मुलाच्या अक्षरात: पटलेलं नाही. आत्याचं ऐकेन.