वाऱ्याच्या तोंडावर

दादा,

विमान नुकतंच वर आलंय आणि आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीये. आम्ही तुझ्याकडे निघालोय हे तुला ठाऊक नाही. हे पत्रही पोचेपर्यंत पर्समध्येच राहणार, कारण आधी कळलं तर तुझा नेमका ऑफिसचा दौरा निघेल.

बाबा गेल्यापासून तू फोनवर उंटावरून शेळ्या हाकतोयस. "आईला फिरायला ने, तिचं मीठ कमी कर." ये म्हटलं की, "अगं, फार लांब पडतं."

तिकीट काढताना मी एजंटशी भांडले. जायला पाच तास आणि यायला चार? अंतर तर तेवढंच! तो हसून म्हणाला, "ताई, तिकडून येताना वारा पाठीशी असतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तुला वारासुद्धा आमच्याकडे ढकलत होता, तरी तुझं पाऊल उचललं नाही.

म्हणून वाऱ्याच्या तोंडावर मीच येतेय. आईची काठी, औषधं, गरम पाण्याची पिशवी, सगळं सामानात आहे. वहिनीच्या गळ्यात घालू नकोस, औषधं तूच द्यायचीस. परतीचं तिकीट एकच काढलंय, माझं. सहा महिन्यांनी तिला न्यायला येईन, त्याआधी नाही. मलाही लांब पडतं.

निघताना आईने एवढंच विचारलं, "तो दार उघडेल ना गं?"

उघडेल. तोवर बेलवरचं बोट मी काढणारच नाही.

तुझ्या दाराकडे निघालेली,
धाकटी