गुलाबी बाटली मला देऊ नये

मी, सूर्यभान लिंबाजी खिल्लारे, वय बासष्ट (शाळेत घालताना मास्तरांना सुचली ती तारीख धरून), धंदा कंपाउंडर, आता घरीच, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण कायदा पोटाचं विचारत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. उलट घरातले सगळे मला इतकं जपायला लागलेत की त्याचंच दडपण आलं. तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचून माझंही बिघडलं आहे, तरी ज्याला वाचायचं त्याला वाचता येईल.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या व पडवी, माझ्यामागे माझी बायको केशरबाई हिचं. तिच्यानंतर मुलगा पंडित याचं. पडवीचा पत्रा गळतो. तो मी स्वतः तीनदा दुरुस्त केला, म्हणून आता तीन ठिकाणी गळतो. पोस्टातलं पुस्तकही केशरबाईचंच. तिने त्यातले पैसे पंडितला उसने देऊ नयेत. तो मास्तर आहे, त्याला पगार आहे.

कलम २. पंडितला माझी सायकल, पुस्तकं आणि पेटीतला पांढरा सदरा द्यावा. हा सदरा अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या मोर्चात माझ्या अंगावर होता. त्याची दोन बटणं पोलिसांकडे राहिली. मी अकरा दिवस आत होतो आणि पुढे अकरा वर्षं गावाला तेच सांगत होतो. विद्यापीठाचं नाव अजून बदललेलं नाही. ज्या दिवशी बदलेल, त्या दिवशी पंडितने माझ्या फोटोपुढे उभं राहून मोठ्याने सांगावं. चांगली बातमी तरी लपवू नये.

कलम ३. पितळी काटा, खल, मापाचा पेला व कात्री सिताराम यास. तो माझ्या हाताखाली शिकला आणि आता माझ्याच खुर्चीवर बसतो. कात्रीबद्दल थोडं लिहावं लागेल.

आमच्या दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचो. तिला खाचा कापलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. ज्या रोग्याचं काही खरं नाही, त्याला गुलाबी औषध. त्यात पाणी, साखरेचा पाक आणि रंग, एवढंच. त्या बाटलीच्या पट्टीला शेवटची खाच कापायची नाही, म्हणजे जुने डॉक्टर बघून ओळखत आणि रोग्यासमोर काही बोलत नसत. ही युक्ती माझी. मला तिचा फार अभिमान होता. सुरुवातीला माझ्या हातचं पाणी ज्यांना चालत नव्हतं, तेही हे पाणी दिवसातून तीनदा पीत, कारण ते गुलाबी होतं. आपण जग जिंकलं असं मला वाटायचं.

कलम ४. दिवाळीपासून माझ्या पोटात दुखतं आणि अन्न खाली उतरत नाही. पंडितने मला औरंगाबादला नेलं. तिथे आतला तुकडा काढून तपासला. त्याचा कागद पंडितच्या खिशात गेला तो बाहेर आला नाही. "आबा, अल्सर हाय," तो म्हणाला. "बारीकसा हाय. काई काळजी करू नका." मी मान डोलावली. मी जन्मभर लोकांना 'गॅस आहे' सांगत आलो. पोरगा शिकलेला, तो अल्सरपर्यंत गेला.

मग मागच्या सोमवारी सितारामने माझ्यासाठी औषध पाठवलं. बाटली गुलाबी होती. पट्टी सुबक कापलेली, शेवटची खाच तेवढी कापायची राहिलेली. ती बाटली हातात घेऊन मी पट्टीवरच्या खाचा पुन्हा मोजल्या. भीती वाटली. हसूही आलं, पण भीती आधी वाटली. मी सितारामला बोलावून घेतलं.

"काका, पंडितदादांनी शपथ घातली," म्हणत तो रडायलाच लागला.

"ते असू दे. खाच का न्हाई कापली?"

"तुमीच शिकवलंय की तसं."

काटा, खल आणि पेला त्याने वापरावा. कात्रीने केशरबाईने भाजी कापली तरी चालेल, पण सितारामने त्या कात्रीने पट्टी कापू नये.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचं नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी चतुराबाई नावाची बाई आमच्याकडे यायची. छातीत गाठ, ती फुटलेली. एकदा डॉक्टर आत असताना तिने मला हळूच विचारलं, "कंपोंडर, मी बरी व्हायले का न्हाई, खरं सांगा. न्हाई तर येलदरीहून लेकीला बोलवून घेते. दोन घास तिच्या हातचे खाऊन जाते." मी म्हणालो, "मावशी, गॅस हाय. आठ दिवसांत उठून बसताल." आणि गुलाबी बाटली दिली. बाई बाराव्या दिवशी गेली, ओरडत गेली. लेक सगुणा माती झाल्यावर पोचली. ती दवाखान्यात येऊन म्हणाली, "तुमाला ठाव होतं का हो?" मी नाही म्हणालो.

मला माहीत होतं. पुढे हक्कासाठी तुरुंगात गेलो म्हणून मिरवणारा मीच, आणि एका मरणाऱ्या बाईचा एवढा साधा हक्क मी साखरेच्या पाण्यात बुडवला. याची मला लाज वाटते. सगुणाबाईला मी घरादारातलं काही ठेवलेलं नाही, कारण मला तिची साक्ष हवी आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणतात. तिला ठेवायला माझ्याकडे हे कलम तेवढं आहे.

कलम ६. वकील असंही म्हणतात की मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. हे कलम मात्र आजपासून धरावं.

मृत्युपत्राला डॉक्टरचा दाखला जोडतात. त्यासाठी काल आमच्या दवाखान्याचे धाकटे डॉक्टर बन्सीधर घरी आले. मला माझं नाव, वार, मुलाबाळांची नावं विचारली आणि लिहून दिलं की रुग्णास आपलं बरंवाईट पूर्ण समजतं. सही वाळायच्या आत मी म्हणालो, "घर कोणाला द्यावं हे मला समजतं, तर आजाराचं नावही समजेल. सांगा." डॉक्टरांनी पंडितकडे बघितलं. पंडितने पत्र्याकडे बघितलं.

मग डॉक्टर माझ्या बाजेवर बसले आणि त्यांनी सांगितलं. जठराचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. पण उपयोग नाही म्हणजे काहीच करता येत नाही असं नाही, हे मला या वयात कळलं. लाईटचा, म्हणजे किरणांचा, शेक घेता येतो, त्याने दुखणं थोडं कमी होईल किंवा होणार नाही. अन्न बंद झालं तर नळी घालता येते. अफूच्या जातीच्या गोळ्या असतात, त्या मुंबईला मिळतात, परवान्याची भानगड आहे, पण दुखणं थांबतं. नाहीतर घरीच राहावं, उलटीचं, झोपेचं औषध घ्यावं. डॉक्टर पाऊण तास बोलले. मी तीस वर्षांत कोणासाठी पाच मिनिटं काढली नव्हती.

पंडित म्हणाला, "आबा, तुमी खचताल म्हणून बोललो न्हाई." खचलो तर मी खचलोच. रडलोही. केशरबाई दचकली नाही, तिने चहा ठेवला, त्यावरून तिलाही माहीत होतं हे कळलं.

तर माझा निर्णय: शेक नको. नळी नको. गोळ्या पाहिजेत, पंडितने डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुंबईला जावं. माझी बाज पडवीत टाकावी. पुढे काही बदललं तर आधी मला सांगावं, मग आपसात कुजबुजावं. गुलाबी बाटली पुन्हा दिल्यास मी ती सितारामला पाजीन.

आज सगुणाबाई माझ्या निरोपावरून येलदरीहून एसटीने आली. तिला लिहितावाचता येत नाही. मी शाई पुढे केली, तर म्हणाली, "आदी समदं वाचून दावा. मग अंगठा." मी वाचलं. पाचवं कलम मला वाचवेना, ते पंडितने वाचलं.  तिने पदराने डोळे पुसले. ही आता उठून जाणार, असं मला वाटलं. तिने अंगठा उमटवला, शाई पायरीला पुसली आणि विचारलं, "कंपोंडर, काय खावं वाटायलंय?"

मी खरं सांगितलं. येलदरीच्या धरणातला मासा, रस्सा पातळ, तिच्या हातचा.

ठिकाण: गंगाखेड. दिनांक ९ फेब्रुवारी १९९१.

दस्तखत: सूर्यभान लिंबाजी खिल्लारे

साक्षीदार पहिला: डॉ. बन्सीधर दिनकरराव मुळे. सही.

साक्षीदार दुसरी: सगुणाबाई, चतुराबाईची लेक, राहणार येलदरी. डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याआधी सगळा मजकूर वाचून दाखवला. काही लपवलं नाही.