सर्व मसुदे प्रकाशित करा

ती. अक्का यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कुरकुरतात का? (गुडघे, जिना नव्हे.) आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण ‘आम्ही’ म्हणण्याइतकी माणसं सध्या घरात नाहीत. बायको गेले नऊ दिवस तुमच्याकडे आहे. हवापालटासाठी आले असं तिने सांगितलं असेल, तर ते खरं धरू नका. माझ्यामुळे आले असं सांगितलं असेल, तर तेही अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी लिहितो.

आमच्या इमारतीत लिहिणाऱ्यांचं मंडळ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या खालच्या घरात पियानो शिकवणाऱ्या बाई, तुमची बहीण, मी, असे तेवीस जण. सगळे ज्या फुकटच्या संकेतस्थळावर ब्लॉग लिहीत, ते बंद होणार अशी सूचना आली आणि एकच आकांत झाला. तेव्हा मी सभेत उठून म्हणालो, की दुसऱ्याच्या घरात किती दिवस बिऱ्हाड करायचं, आपण आपला सर्व्हर उभारू. कोणी उभारायचा हे मी म्हणालो नव्हतो. पण टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या वाजवणारे सगळे माझ्याकडेच बघत होते.

सर्व्हर म्हणजे काय, तर कधीही न झोपणारा कॉम्प्युटर. डॉक्टरांनी आपला जुना दिला (चालू केला की आधी कुणाची तरी अक्कलदाढ दिसते, मग बाकीचं). तो जिन्याखालच्या कपाटात ठेवला. रोज सकाळी अकराला तो बंद पडे. मी चार दिवस जाडजूड पुस्तकं वाचली, तारा बदलल्या, डॉक्टरांना दोष दिला. पाचव्या दिवशी कळलं, की जिना झाडणाऱ्या मावशी त्याचा प्लग काढून तिथे आपलं धूळ ओढायचं यंत्र लावतात. मी सर्व्हरचं महत्त्व समजावलं, तर त्या म्हणाल्या, लिहायला तुम्ही तेवीस आहात, झाडायला मी एकटी. मी मुकाट्याने दुसरा प्लग-पॉइंट बसवून घेतला.

मग जुनं लेखन नव्या घरात आणायचं काम. अर्ध्या वाटेवर पडद्यावर प्रश्न उमटला: सर्व मसुदे प्रकाशित करायचे का? मसुदे म्हणजे अर्धवट ठेवलेलं, कुणाला न दाखवलेलं लेखन. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला वाटलं, इतक्या अदबीने विचारतोय तर नाही कशाला म्हणा. एका टिचकीत दोनशे बारा मसुदे जगजाहीर झाले, आणि नव्या यंत्रणेची तत्परता अशी, की प्रत्येकाची ईमेल तेवीसही जणांना गेली. न्यायाधीशांच्या चोवीस प्रेमकविता निघाल्या, सगळ्या पियानोवाल्या बाईंवर. बाईंचा एक तक्रारअर्ज निघाला, की वरच्या मजल्यावर कोणी तरी पायाने चुकीचा ताल धरतो. (ते दोघं आता संध्याकाळी एकत्र चहा घेतात. ताल अजून चुकतोच म्हणे.)

आणि तुमच्या बहिणीचे अकरा लेख निघाले. सगळे माझ्यावर. ‘आमच्या घरातलं अवजड सामान’ हा पहिला. अख्खी इमारत पोट धरून हसली. मी मात्र ते वाचलेच नाहीत. दोन दिवस कपाटात डोकं घालून बसलो होतो, मसुदे परत कसे लपवायचे ते शोधत. तिसऱ्या दिवशी वाचले. अकरावा माझ्या ऑपरेशनचा आहे. मी आत असताना ती बाहेरच्या बाकावर बसून माझे चष्मे पुसत होती, दोन्ही, पुन्हा पुन्हा, असं त्यात आहे. ते मला माहीत नव्हतं.

मी वाचून बाहेर आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. तिने विचारलं, “तुम्ही सगळ्यांच्या आधी वाचलंत, की नंतर?”

मी खरं ते सांगितलं.

“म्हणजे शेवटी,” ती म्हणाली, आणि बॅग भरली.

लोकांनी वाचलं म्हणून ती गेली नाही, अक्का. तेवीस जणांत मी तेविसावा निघालो म्हणून गेली. एवढंच सांगायचं होतं. गुडघ्यांना जपा.

तुमचा,
अवजड सामान

ता. क. मूळ काम राहिलंच. सर्व्हरचा पासवर्ड मंडळाने माझ्याकडून काढून घेऊन तिच्याकडे दिला आहे. काम अडलंय. तिला एक फोन करायला सांगाल का?

ता. क. दुसरा. पासवर्ड तिने जाताना इथल्या फ्रिजवर चिकटवून ठेवलाय आणि सर्व्हर मंगळवारपासून उत्तम चालू आहे. हे तिला सांगू नका. फोनचं मात्र सांगा.

ता. क. तिसरा. अकरावा लेख मी आतापर्यंत नऊ वेळा वाचला. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. हे तर मुळीच सांगू नका.