पहिला दुधी धरेपर्यंत

१८ मार्च

उशीर झाला लिहायला. माफी असावी! बरेच दिवस वही उघडली नाही. हात मातीचे असतात, संध्याकाळी पाठ धरते — पण ही खरी सबब नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

ही मुलाकडे शहरात जाऊन महिना होत आला. मूत्रपिंडं थकलीत. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं, आणि ते मशीन इथल्या दवाखान्यात नाही. जाताना गाडीत बसली तरी मान बाहेरच. "मिरचीला बुडाशी पाणी घाला, डोक्यावरून ओतू नका." मी विचारलं, येणार कधी? म्हणाली, "मांडवावर पहिला दुधी धरला की येते. फोन करा."

म्हणून लागलोय. जन्मभर ट्रक चालवला, मला झाडातलं काय कळतं? बाग तिची. मी नुसता पाणक्या.

२१ मार्च

ऊन आत्ताच चटके देतंय. भेंडीच्या बुडाशी पाचोळा पसरला. दुपारी टोमॅटोची पानं गुंडाळलेली दिसली. रोग? की ऊन? जीव थाऱ्यावर नाही. शेवटी तिला फोन केला.

"संध्याकाळी उलगडतात का?"

उलगडतात.

"मग झोपा गप."

२५ मार्च

दुधीला फुलं! पांढरीशुभ्र, दिवस कलला की उमलतात. पण बहुतेक नुसती लांब देठाची. खाली फळाचा पत्ता नाही. वेलाचं बळ फुकट खातात. शेजारचा टेलर कुंपणावरून म्हणाला, "काका, फुकट खाणाऱ्याला कशाला पोसायचं?" पटलं. सगळी खुडून टाकली. ज्यांच्या बुडाशी बोटाएवढा दुधी दिसतो तेवढीच ठेवली. आता बळ त्यांना मिळेल. आज जरा बरं वाटलं.

२८ मार्च

पिवळे पडून गळाले. सगळे.

३० मार्च

रोज नवी लांब देठाची फुलं येतात, रोज खुडतो, आणि बाळदुधी काही धरत नाही. मुळाला कीड असणार. की पाणी खारट झालं? जेवण गेलं नाही.

आणि खोटं बोललो. फोनवर सांगून टाकलं — धरला! मग चौकशी सुरू.

"मान खाली वाकली का?"

वाकली की.

"अंगावर लव आहे?"

छे! अगदी गुळगुळीत!

हसायलाच लागली. "अहो, कोवळ्या दुधीला लव असते. टायर बघून सांगताय का?"

मग सगळं कबूल करावं लागलं. फुलं खुडतो तेही. "अगं बाई! ती नवरे मंडळी होती सगळी! मांडव घातलात आणि नवरेच हाकलून दिलेत!" इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. सूनबाईने फोन घेतला. "बाबा, आईंना दमवू नका हं."

गाढव आहे मी. पण हसली!

२ एप्रिल

खुडत नाही आता. तिने सांगितलं तसं करतो — दिवेलागणीला नराचं फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मधला दांडा मादीच्या फुलात हलकेच टेकवायचा. माश्या-पाखरं यंदा फिरकतच नाहीत, म्हणून हा उद्योग. टेलर बघत असतो. "काका, लग्न जुळवायची दलाली किती?" त्याला काय जातंय! आज माझ्या हातून एक फूलच मोडलं.

६ एप्रिल

मुलाचा फोन. "बाबा, आईशी परत येण्याचं बोलत जाऊ नका. ती मनावर घेते." मी म्हटलं, चार दिवस तरी येऊ दे. म्हणाला, "मशीन चुकवून चार दिवस म्हणजे काय, ते डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं नव्हतं.

फोन ठेवून वांग्यांना पाणी घातलं. मग आठवलं, सकाळी घातलंच होतं.

११ एप्रिल

धरला! खरंच धरला! मान वाकली, अंगावर मऊ लव. पुन्हा पुन्हा बघून आलो. मग फोन उचलला — आणि ठेवला.

सांगितलं तर ती निघेल. मुलाचं ऐकणार नाही, डॉक्टरचं ऐकणार नाही. शब्दाला पक्की आहे. आणि नाही सांगितलं, तर हा सगळा खटाटोप कशासाठी?

दिवसभर कशाला हात लावला नाही.

१२ एप्रिल

तिचाच फोन आला. "धरला ना?"

नाही गं, म्हटलं. हाही गळाला. वेलच वाईट निघाला.

"बरं," म्हणाली. एवढंच.

१५ एप्रिल

दुधी वीतभर झाला. टेलर मोबाईल घेऊन आला. "काकूंना फोटो पाठवू?" अंगावर ओरडलो त्याच्या. बिचारा तोंड पाडून गेला. चुकलंच माझं. पण कारण सांगायचं कसं?

१९ एप्रिल

सूनबाईचा फोन. म्हणाली, "बाबा, आईंनी गॅलरीत मातीच्या दोन गोण्या मागवल्या. दुधीचं बी लावलं. वेल चढायला माझ्याकडून दोऱ्याही बांधून घेतल्या." मी विचारलं, काही बोलली का? "म्हणाल्या, यांचा दुधी धरलाय. खोटं बोलताना आवाज चढतो यांचा."

म्हणजे ती येणार नाही. तिने ठरवलंय.

मुलाला निरोप दिलाय — तुमच्याकडे अजून एक खाट मावते का, बघ. बाग टेलर बघेल. मावत नसेल तर तसं सांग, पण सांग. लवकर कळव रे, पोरा.